कुटुंब या शब्दाचा अर्थ

चौकटवाल्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण. फोटोंना चौकटी करून देतात म्हणून चौकटवाले, आणि त्यांनाही ते आवडायचं. दुकान खाली, राहायच्या खोल्या वर, मधे अरुंद जिना. पहिली बायको गेली तेव्हा मुलं हाताशी आलेली होती. थोरला नोकरीला लागला होता आणि ताईचं लग्न ठरत आलं होतं. काही वर्षं एकट्याने काढल्यावर चौकटवाल्यांनी दुसरं लग्न केलं. मुलांनी तोंडं वाकडी केली आणि मग पंगतीला बसून पोटभर जेवली. घरात आलेल्या बाईला आई म्हणायचा प्रश्नच नव्हता, मावशी म्हणायला जीभ रेटेना, म्हणून दोघं आपसात तिला 'नवी' म्हणू लागली. तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती नवीच राहिली. आपणही तिला नवीच म्हणू, कारण तिला दुसरं नाव एकाच माणसाने ठेवलं होतं आणि ते वापरायचा हक्क त्याचाच होता.

ते नाव म्हणजे 'कुटुंब'. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चारचौघांत 'माझी बायको' म्हणायची लाज वाटे आणि 'मिसेस' म्हटलं की उसना कोट घातल्यासारखं होई. मग त्यांनी आपल्या वडिलांच्या वेळचा शब्द उकरून काढला. गिऱ्हाइकाला सांगायचे, आमच्या कुटुंबाला विचारून रंग ठरवतो. कोणी विचारलं की कुटुंबात किती जण, तर म्हणायचे, एकच आहे हो, तेच झेपत नाही. पुढे पुढे तो शब्द हाक होऊन बसला. खालून ओरडायचे, कुटुंब, चहा होतोय का, आणि वरून उत्तर यायचं, कुटुंबाचे हात पिठात आहेत. माहेरपणाला आलेली ताई कपाळाला हात लावायची. असं आता कोणी बोलतं का बाबा, माझ्या सासरच्यांसमोर तरी नका बोलू, असं तिने एकदा नाही, दहादा बजावलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण ताई पुढे विसरणार आहे.

लग्न होऊन आली तेव्हा नवीला साधी पट्टी सरळ धरता येत नव्हती. चौकटवाल्यांनी तिला माउंट कापायला शिकवलं. फोटोच्या भोवती, काचेच्या आत, जाड कागदाची जी कोरी किनार असते ती म्हणजे माउंट. तिरपं पातं धरून एका दमात कापावं लागतं. हात थबकला की कड फाटली. नवीचा हात असा बसला की चौकटवाल्यांनी ते काम स्वतः करायचं सोडूनच दिलं. दुकानाचा नियम मात्र त्यांचा होता: फोटो कापायचा नाही. माणसं भांडतात आणि फोटो घेऊन येतात, याला काढा, हिला काढा. चौकटवाले म्हणायचे, काढत नाही, झाकतो. नको असलेला माणूस माउंटखाली जाई. दोन-चार वर्षांनी समेट झाला की तीच माणसं तोच फोटो घेऊन येत. मोठ्या खिडकीचं माउंट कापलं की माणूस पुन्हा घरात. एका बाईने आपल्या मेहुण्याला झाकला, उघडला आणि परत झाकायला आणला, तेव्हा चौकटवाल्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, बाई, याला दारच बसवून देऊ का?

थोरला एकदा कुठल्याशा हॉटेलच्या सभागृहात फुकटचं व्याख्यान ऐकून आला. विषय होता, कुटुंबाचं भवितव्य सुरक्षित करा. आला तो हातात चकचकीत फाईल आणि तोंडात नवे शब्द घेऊन. नियोजन, विश्वस्त, मालमत्तेचं संरक्षण. संरक्षण कोणापासून, हे त्या सभागृहात कोणी विचारलं नसावं. थोरल्याला विचारायची गरज नव्हती. बाबा गेले की घर-दुकान नवीकडे जाणार आणि नवी गेली की तिच्या भाच्याकडे, हे त्याने मनाशी धरलं होतं. त्या भाच्याला त्याने जन्मात एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यावर त्याची झोप उडाली होती.

चौकटवाल्यांनी फाईल चाळून परत दिली. म्हणाले, माझं ठरलंय, घर आणि दुकान कुटुंबाचं, कुटुंबानंतर तुम्हा दोघांचं, सावकाश लिहून ठेवतो. नवी तेव्हा टेबलावर माउंट कापत होती आणि ऐकून तिचा हात थबकला. कड फाटली. ताई समोरच्या स्टुलावर बसली होती, तिने बापाचं बोलणं ऐकलं आणि फाटलेली कडही पाहिली. सावकाश लिहिण्याचं मात्र राहून गेलं, कारण त्या आधीच चौकटवाले दुकानात काच उचलताना खाली कोसळले.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की यांना आपलं बोलणं बरंचसं कळतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. अशा आजारात कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळ्याला तोच वापरतो. चौकटवाल्यांचा कुठला राहिला असेल हे सांगायला नको. तहान लागली, कुटुंब. कूस बदलायची, कुटुंब. खिडकीतून ऊन डोळ्यांवर आलं, कुटुंब. नवीला सूर पाठ झाले. लांबवलेलं 'कुटुंब' म्हणजे पाय दुखतोय, तोडून टाकलेलं म्हणजे राग आलाय आणि हळू, शेवटचं अक्षर गिळलेलं, म्हणजे नुसतीच बस इथे. ती बसायची. त्या खोलीत तिचं म्हातारपण तिला दिसत होतं आणि ते तिला चालण्यासारखं होतं: हा माणूस, ही खोली, खालचं टेबल. याहून जास्त तिने कधी काही मागितलं नव्हतं.

थोरला रविवारी यायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि बघायचा. तो मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर परवडलं असतं.

त्याने वकील गाठला. वकीलसाहेब जुने, सरळ आणि काटेकोर होते, आणि म्हणूनच थोरल्याला ते हवे होते. भानगडीचा कागद भानगडीच्या वकिलाकडून केला तर पुढे टिकत नाही. बाबांच्या हयातीतच घर आणि दुकान कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये टाकायचं, कारभारी थोरला आणि ताई, असा बेत होता. वकीलसाहेब म्हणाले, कागद करतो, पण मला माणसाच्या तोंडून ऐकायला लागेल, मान हलवलेली चालणार नाही. थोरल्याने साळसूदपणे उत्तर दिलं की ते बोलतील, एकच शब्द येतो त्यांना, पण आपल्याला तेवढा पुरेल.

त्या दिवशी सगळे वरच्या खोलीत जमले. चौकटवाल्यांना उशांना टेकून बसवलं होतं, नवीने त्यांची दाढी करून दिली होती. वकीलसाहेब वाचायला लागणार तेवढ्यात थोरल्याने नवीला सांगितलं की साहेबांना बिनसाखरेचा चहा लागतो, जरा बघता का. ती आत गेली. साहेबांनी कलमामागून कलम वाचलं. त्यात हेही होतं की या दस्तात 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ मालकांची अपत्ये व अपत्यांची अपत्ये असा घ्यावा. साहेबांनी लपवलं काही नाही, जे लिहिलं होतं ते खणखणीत वाचलं. चौकटवाल्यांचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. वाक्यं लांबलचक होती आणि ती कधी एकदा संपतात याची ते वाट बघत होते. ताई ऐकत होती. त्या कलमापाशी तिने भावाकडे पाहिलं आणि भावाने छताकडे.

नवी ट्रे घेऊन दारात आली तेव्हा वाचन संपलं होतं. वकीलसाहेबांनी कागद मांडीवर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "हे घर आणि हे दुकान कोणाच्या हाती द्यायचं? तुमच्या तोंडून सांगा."

चौकटवाल्यांनी दारातल्या बाईकडे पाहिलं. तोंड कसंबसं सरळ केलं.

"कुटुंब."

"परत एकदा सांगाल?"

"कुटुंब," ते म्हणाले आणि चांगला हात उचलून तिच्याकडे केला. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला चहा हवाय. हसून म्हणाले की आधी एवढं उरकू, मग चहा.

नवीचे डोळे भरून आले. तिने ट्रे खाली ठेवला, कारण कप वाजायला लागले होते. सगळ्यांसमोर, वकिलासमोर, मुलांसमोर त्यांनी तिला हाक मारून घर दिलं होतं. असं तिला वाटलं आणि असंच त्यांनाही वाटलं. त्या खोलीत खरं बोलणारी माणसं तेवढी दोघंच होती आणि दोघंही चुकत होती. साहेबांनी तिला रीतसर विचारलं की तुमची काही हरकत आहे का. ती म्हणाली, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मग माझी कसली हरकत.

सही होण्यासारखी नव्हती, अंगठा घ्यायचा होता. डाव्या अंगठ्याचा ठसा दोनदा फिसकटला. तेव्हा नवी पुढे झाली. तिने त्यांचा अंगठा आपल्या बोटांत धरला, शाईवर टेकवला आणि साहेबांनी दाखवलेल्या जागी, माउंट कापताना धरायची तसा श्वास धरून, नीट दाबला. ठसा असा स्वच्छ उमटला की साहेबांनी कौतुक केलं. मग तिने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, रेघांत अडकलेली शाईसुद्धा काढली. ताईचा चहा कपातच निवला. थोरल्याने दुसरा कप मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात तो एक फोटो घेऊन आला. ताईच्या मुलीच्या वाढदिवसाला काढलेला, सगळी मंडळी त्यात होती. मधे उभी ताई आणि तिची माणसं, उजवीकडे थोरल्याची, डाव्या टोकाला खुर्चीत चौकटवाले आणि त्यांच्याही डावीकडे, खांद्यावर हात ठेवून उभी नवी. बाबांना काही दिवस माझ्याकडे नेतो, तो म्हणाला, लिफ्ट आहे, व्यायाम घेणारी बाई रोज येते, आणि समोर हा फोटो असला की त्यांना बरं वाटेल. कागदावर त्याने माप लिहून आणलं होतं.

नवीने पट्टी लावून पाहिली. "या मापात मी माउंटखाली जाते."

"भिंतीवर जागाच तेवढी आहे," थोरला म्हणाला.

तिला क्षणभर टोचलं. पण घर आपलं झालंय, नवरा सगळ्यांदेखत आपल्या नावाने बोललाय, एका फोटोत दिसलो नाही तर काय बिघडलं, असा विचार करून ती टेबलाशी बसली. सुखात असलेलं माणूस किती मूर्खासारखं उदार होतं, त्याचा हा नमुना. तिने पातं तिरपं धरलं आणि एका दमात स्वतःला झाकून टाकलं. फक्त चौकटवाल्यांच्या खांद्यावरची चार बोटं राहिली. ती झाकायची तर खांदा गेला असता.

चौकटवाल्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली नेताना ते कुटुंब, कुटुंब म्हणत होते. ती म्हणाली, मी मागून येतेच, दोन कपडे घेते. थोरला म्हणाला, आज नको, त्यांना आधी रुळू द्या.

मग तो एकटाच आला आणि त्याने सांगितलं की दुकान भाड्याने दिलंय, वरच्या खोल्याही पुढच्या महिन्यापासून लागतील, तर तुम्ही आवराआवर सुरू करा.

नवीला आधी ते बोलणं दुसऱ्या कोणाबद्दल वाटलं. मग तिने विचारलं, "माझं घर तुम्ही कसं भाड्याने देता?"

"तुमचं?"

"त्यांनी दिलं मला. तुम्ही होतात की."

"त्यांनी कुटुंबाला दिलं."

"हो. मग?"

थोरल्याला इथे घाई नव्हती. तो बसला, पाण्याचा ग्लास मागून घेतला, प्यायला. "तुम्हाला खरंच वाटलं, ते तुम्हाला म्हणाले?"

"मला कुटुंबच म्हणतात ते. आल्या दिवसापासून."

"म्हणत असतील. लाडात माणूस काहीही म्हणतो. कागदावर कुटुंब म्हणजे आम्ही." ग्लास खाली ठेवून तो उठला आणि जिन्याशी वळून म्हणाला, "आणि अंगठा तुम्हीच धरला होता. साहेबांनी पाहिलंय."

 नवीने ओरडाआरडा केला नाही. करायला हवा होता, असं माझं मत आहे. पण ज्या बाईला इतकी वर्षं नवी म्हणून ठेवलं, तिला भांडायची सवय कुठून असणार. ती वकीलसाहेबांकडे गेली. टेबलासमोर उभी राहून तिने सांगितलं की साहेब, कुटुंब म्हणजे मी.

साहेबांचा चेहरा उतरला. जुना माणूस, त्यांनी हा शब्द लहानपणी या अर्थाने ऐकलेला होता. त्यांनी कागद परत काढला, वाचला, चष्मा पुसला. म्हणाले, असं असेल तर हा दस्त मोडायला मीच तुमच्या बाजूने उभा राहीन, पण ते तुम्हाला असं म्हणायचे हे घरातलं कोणीतरी सांगायला हवं, तुमच्या एकटीच्या शब्दावर होणार नाही. त्यांनी तिच्यासमोरच ताईला फोन लावला आणि तो दोघांना ऐकू येईल असा ठेवला.

"ताई, तुमचे वडील यांना काय म्हणून हाक मारायचे?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. एवढ्या वेळात ताईला स्टूल आठवलं असेल, फाटलेली कड आठवली असेल आणि ट्रस्टमधला स्वतःचा अर्धा हिस्साही आठवला असेल.

"अहो-जाहोच करायचे. नावाने नाही मारायचे हाक," ताई म्हणाली.

"कुटुंब म्हणायचे का?"

"कुटुंब?" ताई हसली. छान हसली, मोकळं. "छे हो. असं आता कोणी बोलतं का?"

थोरल्याचं एक बरं होतं, तो उघड हलकट होता. त्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच ठेवली नसती. ताईला मात्र प्रत्येक सणासमारंभाला नवीच्या हातचं खायला हवं असायचं, पहिल्या बाळंतपणात हिच्याच मांडीवर डोकं ठेवून ती रडली होती, आणि तिने असा केसाने गळा कापला. फोन ठेवून तिने काय केलं ते मला ठाऊक नाही. रडली असली तरी मला तिची दया येत नाही.

वकीलसाहेबांनी कागद मिटला. खाली बघत म्हणाले, बाई, आजारी माणसाच्या एका शब्दावर किती भार टाकणार. त्याच एका शब्दावर त्यांनी आख्खी इमारत उचलून दिली होती, पण ते त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे.

नवी त्या भाच्याकडे राहायला गेली, ज्याच्या भीतीने हे सगळं झालं होतं. भाच्याची खोली एकच होती. त्याने दाराजवळ तिची गादी घातली आणि बायकोला सांगितलं की थोडेच दिवस. तिथून ती दोन बस बदलून थोरल्याच्या घरी एकदा गेली. चौकटवाल्यांनी तिला पाहिलं आणि तिचं मनगट असं पकडलं की सोडवायला थोरला आणि त्याची बायको दोघं लागली. ते ओरडत राहिले, त्यांचं ब्लडप्रेशर चढलं. मग सूनबाईंनी गोड शब्दांत समजावलं की तुम्ही आलात की त्यांना त्रास होतो, त्यांच्या भल्यासाठीच सांगते. पुढे तिने फोन केला की ते झोपलेले असायचे. सकाळी केला तरी आणि दुपारी केला तरी.

झोपलेले कसले. दिवसभर त्यांचा एकच घोष चालू असे. लांबवलेला, तोडलेला, गिळलेला, सगळे सूर होते, पण त्या घरात ते ओळखणारं कोणी नव्हतं. हाक ऐकली की थोरला, सूनबाई, नातवंडं पलंगाभोवती गोळा होत आणि म्हणत, आम्ही आहोत ना बाबा, सगळे इथेच आहोत. चौकटवाले एकेका चेहऱ्यावर नजर टेकवत पुढे जायचे आणि शेवटच्या चेहऱ्यानंतर परत म्हणायचे, कुटुंब. भेटायला आलेले पाहुणे डोळे पुसायचे. या अवस्थेतसुद्धा माणसाला कुटुंबाचाच ध्यास, म्हणायचे. थोरल्याने त्याचं शूटिंग करून त्या हॉटेलच्या सभागृहातल्या लोकांना पाठवलं आणि पुढच्या व्याख्यानात त्यांनी ते मोठ्या पडद्यावर दाखवलं. टाळ्या पडल्या म्हणे.

फोटो पलंगाशेजारच्या भिंतीवर, हाताच्या अंतरावर लावला होता. एका सकाळी चौकटवाल्यांचा डोळा त्याच्यावर स्थिरावला. आपल्याच खांद्यावरची चार बोटं त्यांनी पाहिली. डावा हात उचलून त्यांनी त्या बोटांवर आपलं बोट ठेवलं आणि तिथून काचेवरून हळूहळू डावीकडे सरकत गेले, कोऱ्या माउंटवर. तिथे थांबले. माउंट कोणाच्या हातचं आहे हे त्यांना कडेवरूनच कळलं असणार. आणि फोटो कापायचा नाही, हा नियम त्यांचाच होता. ती तिथेच होती, कागदाच्या एका पापुद्र्याखाली. त्यांनी नखाने काच खरवडली. कुटुंब, ते म्हणाले. पुन्हा खरवडली.

सूनबाईंनी नवऱ्याला हाक मारून दाखवलं की बघा, बाबा सगळ्यांना कसं कुरवाळतायत. मग ते रोजचंच झालं. सकाळपासून त्यांचं बोट त्याच एका जागी चालायचं, नख तुटून रक्त यायचं आणि काचेवर त्याचे डाग पडायचे. रोज रोज पुसायचं म्हणजे कटकटच. थोरल्याने एका रविवारी स्टूल घेतलं, खिळा दोन हात वर ठोकला आणि फोटो तिथे टांगून दिला.